हिरवी शाई चालेना

मल्लिनाथअप्पांनी उभी हयात तहसील कचेरीत कारकुनी केली. हिरव्या सहीसाठी साहेबांपुढं फायली ठेवायच्या आणि हात बांधून उभं राहायचं. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याची, कारकुनानं तिच्या वाटेला जायचं नाही, हे त्यांच्या अंगात पार मुरलेलं. आज मात्र त्यांची लेक सुकन्या लोह्याला कृषी अधिकारी म्हणून रुजू होणार होती. तिच्यासाठी त्यांनी मुद्दाम नांदेडहून फाउंटन पेन आणि हिरव्या शाईची बाटली आणली होती.

सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून त्यांनी पेनात शाई भरली. त्यांच्या घरात नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरत नसत. मिक्सरसुद्धा त्यातून सुटला नव्हता. अप्पांनी पेनाला विभूती लावली आणि भक्तीच्या भरात ओल्या निबेलाही चांगली चोळली. आता अशा माणसाला काय म्हणावं!

अहमदपूरच्या स्टँडवर एसटीत बसल्यावर त्यांना वाटलं, एकदा चालवून बघावं. तिकिटाच्या पाठीवर रेघ ओढली. उमटली नाही. पुन्हा ओढली, तर नुसता ओरखडा. निबेच्या फटीत राख भिजून घट्ट बसली होती.

अप्पांचं धाबं दणाणलं. पोरीची पहिलीच सही, तीही चारचौघांत, आणि पेन चालेना! लोक अपशकुन म्हणतील. आणि केलं कुणी, तर बापानं. त्यांनी पेन झटकलं, धोतराला पुसलं, शेवटी खिडकीकडं तोंड करून निब चोखायला लागले.

"आप्पा, तितले लोक कसे असतील हो?" शेजारून सुकन्यानं विचारलं.

"हं, हं," म्हणत ते चोखतच राहिले.

लोह्याला उतरल्यावर ती थबकली. "अगं बाई! आप्पा, ओठ हिरवेगार झालेत की!"

"पेन बिघडलं माय. म्याच बिघडवलं. निबेला विभूती लावली." सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू द्या. माज्याकडं हिरवा जेलपेन हाय."

कचेरीत तिच्यापुढं रुजू अहवाल ठेवला गेला. अप्पा दाराशी उभे होते. पेनाचा घोर मिटला, तेव्हा कुठं त्यांचं लक्ष लेकीकडं गेलं. तिनं एकदा पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सही वाकडी आली. सकाळपासून पोरगी धास्तावलेली होती, आणि आपण नुसती निबेची काळजी करत बसलो!

सही झाल्यावर ती दाराशी आली. "आप्पा, लगेच परत जाऊ नका ना. हितंच बसा थोडं."

"बसतो की," ते म्हणाले, आणि तिच्या खुर्चीवरून आपण दिसू अशा बेतानं बाहेरच्या बाकड्याच्या टोकाला जाऊन बसले.