स्वामीमलैचा देव
दौतीतल्या शाईचा वास आला की चोपन्न-पंचावन्न सालचा कुंभकोणमचा आमचा ओटा आठवतो. माझे यजमान तिथे बसून लोकांचे कर्जाचे अर्ज भरून देत. एके सकाळी नाचियार्कोविलच्या समया ओतणाऱ्याची बायको आली. तो तापाने पडला होता, पितळेसाठी कर्ज हवं होतं, कोरा अर्ज एकच आणि मुदतीचा शेवटचा दिवस. "नवऱ्याचं नाव?" ते तोंडाने घ्यायचं कसं? ती पुटपुटली, "स्वामीमलैचा देव." "अम्मा, त्या देवाला नावं किती! सुब्रमण्यम? षण्मुखम? वेलायुधम?" शेवटच्या नावाला तिने मान डोलावली, तेव्हाच यांनी टाक टेकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं विचारलं तर तू काय सांगशील?" मी हसून आत पळाले. आता माझ्या प्रत्येक अर्जावर नवऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव मीच लिहिते. ऐकायला ते होते तेव्हा एकदा तरी तोंडाने घ्यायला हवं होतं.