जतच्या स्टँडवर माझा आवाज

आधीच सांगतो, भूतखेत, भास, अंगात येणं... असलं काही मी मानत नाही. कुणी सुरू केलं की "गप बस रं गड्या" म्हणून उठायचो. माझा धंदाच आवाजाचा! रिक्षावर कर्णा लावून सांगलीभर पुकारत फिरायचं. सर्कस, साड्यांचा सेल, हरवलेली माणसं. आवाज कुठून येतो ते मला शिकवू नका... बॅटरी, वायर, ॲम्प्लिफायर. संपला विषय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मोबाईल नव्हते. माझी धाकटी बहीण सुनंदा सांगलीतच विश्रामबागेत राहायची. तिची चार वर्षांची पिंकी भरदुपारी दारातून नाहीशी झाली. समोरच्या काकूंनी एका बाईला तिचा हात धरून नेताना बघितलेलं. म्हणे, वाटलं पाहुणी असेल! चौकीत गेलो तर, "आधी नातेवाइकांकडे बघून या."

सुनंदानं माझा शर्टच धरला. "दादा, गावाची पोरं शोधतोस... माझी शोध रे!"

 कॅसेट भरायची रीत ठरलेली — नाव, वय, अंगावरचे कपडे, फोन नंबर. कॅसेट लावली की आपण फक्त रिक्षा चालवायची. मी बोललो, "नाव पिंकी, वय वर्षे चार, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या..." शेवटी सुनंदाच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर. मग स्टँड, मार्केट यार्ड, पार मिरजेपर्यंत फिरलो. मिरजेच्या पुढं माझं चाक गेलं नाही, देवाशप्पथ. लोक नुसते माना हलवायचे.

उन्हं कलताना बॅटरी बदलायला विश्रामबागेत परत आलो, तर त्या दुकानात फोन.

"जतच्या स्टँडवरनं बोलतुय. तुमची पोरगी गावली. बिगीनं या."

जत म्हणजे मिरजेच्या पार पुढं, दोन-अडीच तासांचा रस्ता. शेजाऱ्यांच्या जीपमधून निघालो. माझ्या डोक्यात एकच — दुसरंच कुणाचं पोर निघालं तर?

पिंकीच होती! चहावाल्याच्या मांडीवर. पण केस बारीक कापलेले, अंगात निळा शर्ट, खाली चड्डी. अगदी मुलगा. सुनंदानं तिला अशी आवळली की पोरगी ओरडली.

मी चहावाल्याला विचारलं, "हिला ओळखलंत कसं?"

"आवं, तुमीच पुकारून सांगितलं की! केस कापल्यात, निळा शर्ट हाय, पिंकी म्हणून हाक मारा. म्या हाक मारली तशी वळली आन् रडाय लागली. बाई पळाली गर्दीत. नंबर बी तुमीच दिला. ह्योच आवाज."

मी भडकलो. "चेष्टा करताय व्हय?" तर स्टँडवरची आणखी चार माणसं तेच सांगायला लागली. रिक्षा मात्र कुणीच बघितली नव्हती. स्टँडवर कर्णाही नव्हता, मी सगळीकडं शोधला.

परतताना पिंकी अर्धवट झोपेत म्हणाली, "मामा, तू किती ओरडत होतास... त्या बाईला ऐकूच येत नव्हतं." घरी कॅसेट उलटसुलट लावून बघितली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. दुसरं काही नाही. आणि केस कापलेत हे मला कळणार तरी कसं होतं?

ह्याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. पिंकी सुखात आहे, तेवढं बास होतं मला. पण पुढं मिरजेकडच्या एका बाईचा मुलगा असाच कुणीतरी नेला. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, रिक्षा घेऊन स्वतः जतपर्यंत जाऊन आलो. नाही सापडला. ती बाजारात भेटली की हात धरून विचारते, "दादा, तवा तुमचा आवाज आपोआप गेलता म्हनं... माझ्या पोराकडं का न्हाई वो गेला?"

 ती हात लवकर सोडत नाही.