वंदनाच्या गावात आयटीपेज

"माझ्या कामाबद्दल बोलायला गावच्या शाळेनं बोलावलंय, येतेस सोबत?" वंदनानं विचारलं आणि मी रजा टाकली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी, पण मी नाशिकची. विदर्भ पाहिलाच नव्हता.

सकाळी बल्लारशाला उतरून चंद्रपूर गाठलं. स्टँडवर पोहे खाल तर त्यावरचा रस्सा, म्हणजे तर्री, वेगळी मागा, भलतीच तिखट असते. पुढे सावली गावाकडे जाणारी एसटी. खिडकी धरा, मूल गावाच्या आधी रस्त्यालगत दाट जंगल लागतं.

गाव तलावाकाठी. वंदनाचे बाबा मासे धरतात, आई बाजारात विकते. जेवायला भात आणि झिंग्यांचा रस्सा. मी तीनदा वाढून घेतला. बाबा फारसे बोलले नाहीत. लेक नेमकं काय करते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. वंदनानं पुस्तकी मराठीत सुरुवात केली. माणसं गप्प. तिचा आवाज बारीक होत गेला. मागून आई म्हणाली, "वंदे, घरी बोलतेस तशी बोल न."

वंदना थांबली, मग हसली. "आपल्या अंगात बांधकाम चालूच राह्यते. विटा बनत राह्यतात. एखादी बिघडलेली निंगते. आयटीपेज नावाचं एन्झाइम ते वीट भिंतीत लागाच्या आंधीच बाजूले काढते."

"माह्या अंगात बी हाये का?" आईनं विचारलं.

"तुह्या बी, बाबाच्या बी. सब्बन लोकाइत."

"अन् कोनात कमी असन तं?" हा प्रश्न बाबांचा होता.

"तशा लोकाइले काही औषधं बाधतात का, तेच मी शोधून राह्यली, बाबा."

बाबांनी मान डोलावली.

परतताना ते चंद्रपूरपर्यंत सोडायला आले. एसटी भरलेली. कंडक्टरनं तिकिटं फाडली तेव्हा बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "हे माही पोरगी. आयटीपेजवर काम करते."

"डॉक्टर हाये का, भाऊ?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"डॉक्टर नाई. कोनाले कोनतं औषध बाधते, ते शोधते." आणि मूलचा स्टँड येईपर्यंत त्यांनी त्याला विटा समजावल्या, एकही चूक न करता. वंदना खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे भरले होते.

हैदराबादला सगळे विचारतात, वाघ दिसला का. नाही दिसला. सोमवारी मी पोचले तर वंदना माझ्याआधीच टेबलाशी.

"एवढी घाई?"

"आता बाबा विचारतील न, काय सापडलं म्हणून," ती म्हणाली.