आठव्या समोवाराच्या मागे

साताऱ्याहून पहाटेची कराड गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत पेचकस, टेस्टर आणि जवळची एकुलती एक रशियन कॉइल होती. समोवार म्हणजे चहाचं पाणी उकळण्याचं रशियन तोटीचं भांडं. विजेवर चालणारे जुने सात समोवार मी जमवले आहेत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हा कसला नाद, असं आमची आळी म्हणते. म्हणो बापडी. आठवा विट्यात असल्याचं कळलं होतं आणि तो घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच मी निघाले होते.

विट्यात तो ज्यांच्याकडे असल्याचं कळलं होतं, त्या आबांनी पूर्वेकडच्या एका पोलाद कारखान्याच्या गावी गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं) दुकान चालवलं होतं. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरकडून त्यांनी तो समोवार घेतला आणि आटपाडीच्या बहिणीला, सोनाक्कांना, भाऊबिजेची ओवाळणी म्हणून देऊन टाकला होता.

"लय झ्याक बंब हाय बाई. लाकडं लागत न्हाईत," आबा म्हणाले. "आक्का दील तर घ्या. माझी ना न्हाई."

हे म्हणताना त्यांनी अडकित्त्यावरची नजर काही वर उचलली नाही.

आटपाडीच्या वाटेवर विट्याच्या पुढे ऊस संपला आणि उघडा माळ सुरू झाला. बहात्तरच्या दुष्काळात खणलेल्या एका पाझर तलावाजवळ गाडी पंक्चर झाली. दीड तास मी मेंढ्या मोजल्या. उतारू आल्या पावली परतायच्या गोष्टी करत होते, मी मात्र जागची हलले नाही.

आटपाडीला सोनाक्कांनी आधी हुलग्याचं माडगं (पिठाची तिखट पेज) पाजलं, मग भाकरी-ठेचा वाढला. समोवाराचं नाव काढताच मात्र म्हणाल्या, "त्यो द्यायचा न्हाई."

"नुसता बघू तरी द्या," मी चिकाटी सोडली नाही.

त्यांनी धडप्यात गुंडाळलेला समोवार काढला. बाहेरून घासून लख्ख, पण झाकण उघडलं तर आत काळाकुट्ट.

"यात निखारे घातले होते?"

सोनाक्कांनी पदर तोंडाला लावला. "बंब म्हनून दिल्याला. तवा वस्तीवर लाईट न्हवती. इस्तू घातला प्वाटात, मग पानी घालाया जागाच गावंना. पयल्याच दिशी कामातनं गेला."

"आबांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? लय हौसेनं आनल्याला. दर भाऊबिजेला इचारतोय, पानी तापतंय का गं? मी म्हनती, तापतंय. धा वर्सं झाली. इकावा तर भावाची ववाळनी इकली हुईल, ठिवावा तर खोटं बोलावं लागतंय." त्या रडू लागल्या.

आतली कॉइल जळून गेली होती. पिशवीतली कॉइल माझ्या मोठ्या समोवारासाठी होती. तशी पुन्हा मिळणं कठीण. द्यावी की नाही, हे ठरवायला मला वाईट वाटावं इतका वेळ लागला. शेवटी पेचकस काढला आणि ती बसवली.

पहिल्याच दमाला फ्यूज उडाला. नवी तार घातली. अर्ध्या तासाने पाणी खळखळू लागलं तशा सोनाक्का तोटीकडे बघत बसल्या. चहा त्यांनी मला दोनदा दिला, स्वतः प्यायच्या विसरल्या.

परतताना विट्याच्या स्टँडवर आबा वाट पाहत उभे होते.

"दिला का आक्कानं?"

"नाही."

त्यांना बरं वाटलेलं लपलं नाही. मग हळूच विचारलं, "पानी तापतंय?"

"तापतंय. मी चहा पिऊन आले."

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "तापतंय कसं? निखारं घातल्यालं भाचीनं मला तवाच सांगितलंय. आक्का आपल्या तोंडानं सांगंल म्हनून दर साली इचारत ऱ्हायलो. बाई, तुमी आता त्यो दुरुस्त केलासा. मग ती कशाला सांगतीया?"

मी ओशाळले. सोनाक्कांचं खोटं मी एका दुपारी खरं करून टाकलं होतं. गाडी लागली, चढताना आबांनी माझी पिशवी वर दिली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "यंदा इचारतच न्हाई. च्या पाज म्हनतो."

साताऱ्याला रिकाम्या हाताने आले. कॉइलची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून कुठे समोवार दिसला की किमतीआधी मी विचारते, "हा तुम्हाला कुणी दिला?" या एका प्रश्नापायी माझा संग्रह दोन वर्षं सातावरच अडला आहे.