गुणाबाईनं धरलेला माणूस

निलंग्याच्या अलीकडं एका खेड्यात गुणाबाई राहते. श्रावणात तिथल्या महादेवाच्या देवळात रोज पंगत बसते आणि वरणाची बादली गुणाबाईच्याच हातात असते. लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही तिची सेवा. कुणाला अजून पाहिजे, कोण लाजून मागत नाही, हे तिला तोंडाकडं बघूनच कळतं. "गुणाबाईनं एकदा बघितलं की बघितलं," असं बायका म्हणायच्या, आणि तिलाही ते खरं वाटायचं.

यंदा श्रावणातच ती एकदा फाट्यावर एसटीची वाट बघत दगडावर टेकली होती. मोटारसायकलवरून एक जण आला. "निलंगा कुन्या अंगाला?" म्हणत खाली वाकला आणि गळ्यातलं डोरलं हिसकून गेला. मान सोलून निघाली. फौजदारानं विचारलं, "मावशी, माणूस ओळखाल का?"

"न वळखायला काय झालं?" ती म्हणाली.

चार-सहा दिवसांनी निलंग्याच्या बाजारात भाजी घेताना तिची नजर एका जवान माणसावर गेली आणि अंगावर काटाच आला. तेच तोंड. तिनं त्याचं मनगट धरलं.

"हाच त्यो. ह्यानंच माझं डोरलं तोडलं."

बाजार गोळा झाला. माणसाचं नाव रविकांत, भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तो सारखा म्हणत होता, "आई, मी तुम्हाला वळखतो, पर मी न्हाई ओ तसला." वळखतो म्हणाला तिथंच फसला. वळखतो म्हणजे पाळत ठेवली असणार, असं लोकांनी धरलं. त्याला मार बसला आणि पोलीस घेऊन गेले.

गुणाबाईचा नवरा अण्णाराव लई खूश झाला. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पंगत बसली. गुणाबाई वाढत चालली होती. एका पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला आणि मान वर करून म्हणाला, "बस आई, बस." गुणाबाई जागीच थबकली. पुढचा माणूस भातात आळं करून वरणाची वाट बघत होता, पण तिचं तिकडं ध्यान नव्हतं.

चोराचं तोंड तिच्या डोक्यात असंच होतं. मान वर केलेलं, दाराचा उजेड पडलेलं. पण फाट्यावर तर ती खाली बसली होती आणि चोर वरून वाकला होता. ऊन त्याच्या पाठीशी होतं. मग त्याच्या तोंडावर उजेड आला कुठून? तिनं फाटा पुन्हा डोळ्यापुढं आणून बघितला. गाडीचं हँडल दिसलं, हात दिसला. तोंडाच्या जागी नुसता अंधार.

देवळाची झाडलोट करणाऱ्या पंढरीला तिनं विचारलं, "मागल्या सोमवारी कुणी टेम्पोवाला जेवायला होता का रे?"

"होता की. माय बी होती संगं. खांबापाशी बसले होते. तूच तर वाढलंस काकू."

पंगतीतलं तोंड तिनं चोराच्या धडावर नेऊन बसवलं होतं.

घरी तिनं अण्णारावला सांगितलं. तो भडकलाच. "आता गप ऱ्हा. भर बाजारात माणसाला मारायला लावलंस आन् आज चुकलं म्हणतीस? इज्जत जाईल. त्यो सुटला तर डोरलं बी गेलं म्हण."

"डोरलं गेलंच हाय. उद्या त्याला कोर्टात नेतेत. महादेवापुढं ज्याला वाढलं त्यालाच मी आत घातलं. तुम्ही येता का मी एसटीनं जाऊ?"

अण्णारावनं बडबडत गाडी काढली.

फौजदार वैतागला. "मावशी, काल तर पक्कं सांगत होता."

"तोंड वळखलं ते खरं हाय साहेब. कुठं बघितलं ते चुकलं."

"कुणी धमकी दिली का?"

"धमकी कोण देतंय? आमचे मालकच नको म्हणून राहिले होते."

अण्णाराव भिंतीकडं बघू लागला. फौजदारानं तिचा जबाब घेतला आणि टेम्पोच्या मालकाला फोन लावला. चोरीच्या वेळी रविकांत लातूरच्या मंडईत माल उतरवत होता, असं मालकानं सांगितलं. मंडईतल्या आडत्यानंही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोडतो, फौजदार म्हणाला.

बाहेर रविकांतची आई मल्लम्मा बसली होती. गुणाबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बाई, चूक माझी झाली. तुमच्या लेकाला सोडून देतेत."

मल्लम्मानं तिच्याकडं नीट बघितलं. "साहेबाला सांगितलंव, बरं झालं. पर मारलं बाजारानं. त्या बाजारात माझं लेकरू टेम्पो कसं लावल? त्याच्या गाडीत माल कोण टाकल? बाजाराला कोण सांगणार?"

 

पुढच्या बाजाराला गुणाबाई सकाळीच गेली. भाजीच्या ओळीच्या एका टोकाला सुरुवात केली आणि एकेका पालापाशी थांबून सांगत गेली, "त्या दिवशी मी धरलेला माणूस चोर न्हाई. रविकांत त्याचं नाव. चूक माझी हाय." कुणी ऐकून घेतलं, कुणी हसलं. एक बागवान म्हणाला, "अस्सं? मग चोर दिसायला कसा होता?"

"ठाऊक न्हाई बाबा," गुणाबाई म्हणाली. "त्याचं तोंड मी बघितलंच न्हाई." आणि ती पुढच्या पालाकडं गेली.