काकूच्या मोबाइलचा दोष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही — म्हणून असेल.

भिवपुरी स्टेशनपासून जरा आत आमचं गाव. जवळच पाण्यावर वीज तयार होते आणि आमच्या नळाच्या पंपाला लाइट नसते — हसू नका, खरंच! त्यामुळे पाणी कधी येईल याचा नेम नाही. पाणी सोडणाऱ्या दादाने कॉक फिरवला की तो गावाच्या वेबसाइटवर लिहायचा. पण लोकांच्या मोबाइलमधलं ॲप तासातासाने साइटवर डोकावणार. बातमी कळेपर्यंत नळ कोरडा!

मी कॉम्प्युटरवाला, घरूनच काम करतो. म्हटलं, ॲपने डोकावायचंच कशाला? दादाने लिहिलं रे लिहिलं की साइटनेच सगळ्यांचे मोबाइल वाजवायचे. आणि जमलं की हो! शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

आता खरं ते... म्हणजे — कसं सांगू? आमचं घर पाइपलाइनच्या अगदी टोकाला. सगळं गाव एकदम नळ उघडू लागलं आणि आमच्याकडे करंगळीएवढी धार! मग मी प्रोग्राममध्ये हळूच एक ओळ टाकली. माझा मोबाइल लगेच वाजणार, बाकीच्यांचे जरा दमाने, पाइपलाइनच्या वरच्या घरांपासून एकेक करत. पाइप ड्रमच्या तळापर्यंत सोडायचो, आवाज नको म्हणून. चोरच की नाही?

वरच्या घरांना काही फरक पडला नाही. मार खाल्ला तो समोरच्या कुंदाकाकूने. तिचा नळ आमच्या लगेच अलीकडचा. तिला कळेपर्यंत वरचे सगळे नळ सुरू. घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, त्याचं रोजचं धुणं. "माजा मोबाइल येडा हाय काय रं?" तिने मला विचारलं. आणि मी — अहो, मी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणालो, जुना झालाय काकू.

तिच्या लेकीने मोहोपाड्याहून नवा पाठवला. तोही उशिराच वाजला. "नव्यालापन माजीच सवय लागली रं," म्हणून काकू खो खो हसली. मीही हसलो. पण लाज वाटली, फार वाटली. घरी येऊन ती ओळ काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे मोबाइल एकदम वाजले. काकूचाही. ती रिकामा हंडा कमरेवर घेऊन बाहेर आली आणि — स्वतःच्या नळाकडे नाही, थेट आमच्या दारात. "वैनी," तिने माझ्या आईला हाक मारली, "पानी सोडलं गं! आदी तुमचं भरा, तुमचा नळ टोकाचा!"

मी पुढे झालो. म्हणालो, बरं झालं सांगितलंस काकू, आम्हाला कळलंच नव्हतं.

खिशात माझा मोबाइल वाजत होता. तो दाबून बंद केला आणि ड्रमला पाइप लावला.