घर विकलंत, आम्हाला नाही!

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जायचे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण हे ऐकीव नाही... माझ्याच बाबतीत घडलं, आणि तेही भर दुपारी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला, पांझरा नदीजवळच्या एका गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घरमालक नाना वारले आणि त्यांच्या पुण्याच्या मुलाने घर परस्पर विकून टाकलं, दोंडाईच्याच्या एका कापूस व्यापाऱ्याला. तो शेठ पहिल्याच भेटीत म्हणाला, "घर आता माझं आहे. महिनाअखेर खाली करा." हे मुकाट्याने दुसरी खोली शोधायला लागले. आणि मी? दारात पोस्टमन आला तरी पदर सावरत आत पळणारी बाई. रडण्यापलीकडे काही केलं नाही.

त्यातच चोपड्याला भाच्याचं लग्न आलं. दाराला कुलूप घालून आम्ही सगळेच गेलो. लग्नाच्या दिवशी, ऐन पंगती बसायच्या वेळेला, मला अशी काही झोप आली की बायकांच्या खोलीत भिंतीला टेकले ती गेलेच. बहीण सांगते, हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी मी डोळा उघडला नाही. जागी झाले तेव्हा घसा पार बसला होता... कुणाशी तरी कडाकडा भांडून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला परतलो. कुलूप जसंच्या तसं. मी किल्ली काढतेय, तोच समोरच्या अक्का धावत आल्या आणि त्यांनी माझा हातच धरला.

"वाघीण शे वं तू! काल काय बोलनी तू त्या शेठले!"

"मी? अक्का, मी तर चोपड्याला होते."

"खोटं नको बोलू. मी मन्हा डोयाघाई दखं. दारमा तूच उभी व्हती!" स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवत अक्का म्हणाल्या.

गल्लीतल्या बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आदल्या दुपारी शेठ टेम्पो आणि माणसं घेऊन आला होता, आमचं सामान बाहेर काढायला. दार उघडं होतं — आणि उंबऱ्यावर मी, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हणाले म्हणे, "घर विकलंत, आम्हाला नाही विकलं. कोर्टाचा हुकूम आणा, मग आत पाऊल टाका!" शेठ आल्या पावली परत गेला.

मी तिथे नव्हते हे तर झालंच... पण कोर्टाचा हुकूम लागतो, हे मला माहीतच नव्हतं!

तशाच बसलेल्या आवाजात मी ह्यांना म्हटलं, "खोली शोधणं बंद. आधी वकिलाकडे चला."

सगळं ऐकून वकील हसले. "वहिनी, कोण बोललं ते मला माहीत नाही, पण बोललं ते बरोबर आहे. घर विकलं म्हणून भाडेकरू उठत नाही. फक्त घरमालक बदलतो. त्याला उठवायचं असेल तर कायद्यातलं कारण दाखवून कोर्टातून."

शेठने आम्हाला जबरदस्तीने उठवू नये म्हणून आम्ही दावा लावला. शेठने कोर्टात सांगितलं, मी घर घेतलं तेव्हाच ते रिकामं होतं, तिथे कुणी राहतच नव्हतं. मग आमच्या वकिलांनी त्याच्याच टेम्पोवाल्याला विचारलं, "घर रिकामं होतं, तर त्या दिवशी आत का गेला नाहीत?"

तो भाबडेपणाने माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "कसं जाणार साहेब? ही बाई दारात उभी होती ना!"

हशा पिकला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं.

मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं — मी लग्नाला गेले होते. कुलूप माझं, आतलं सामान माझं. न्यायाधीशांनी एकदा टेम्पोवाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मनाई हुकूम आमच्या बाजूने झाला. अक्कांनी गल्लीभर जिलेबी वाटली. पुढे शेठ गपचूप भाडं न्यायला यायचा आणि आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचा!

नंतर गल्लीत आणखी दोन घरं विकली गेली. तिथल्या बायका घाबरून माझ्याकडे आल्या. त्यांच्या दारात मी जाऊन उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून, जागेपणी, पूर्ण शुद्धीत. कुणालाही उठावं लागलं नाही.

तेव्हा मीच होते, हे छातीवर हात ठेवून सांगते. पहिल्यांदा कोण होतं... ते मला आजही सांगता येत नाही.